एकशे सत्तर मीटर

निवृत्त माणसाने शांत बसावं ही अपेक्षाच मुळात चुकीची. पुरुषोत्तमरावांनी खडकीच्या लष्करी वर्कशॉपमध्ये छत्तीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या, आणि आता परदेशात, ॲथलोनच्या कडेला, मुलाच्या, अमोघच्या घरी त्यांच्या हाताला काम काय, तर डिशवॉशर भरायचा! आठ महिन्यांत त्यांनी घरातल्या सगळ्या कपाटांच्या बिजागऱ्या दोनदा घट्ट केल्या. तिसऱ्यांदा पकड हातात घेतली तेव्हा सूनबाई अनुया म्हणाली, "बाबा, आता दारं उघडेनाशी होतील."

म्हणून २०११च्या उन्हाळ्यात शेजारच्या डेक्लनने आपली रायफल दाखवली, तेव्हा म्हातारबुवांच्या डोळ्यांत चमक आली. जुनी, स्वीडनच्या लष्कराने मोडीत काढलेली. हरणांसाठी परवाना काढून घेतली होती, पण गोळी वीतभर इकडे नाहीतर वीतभर तिकडे.

"होईल का काही, मिस्टर पी?" डेक्लनने विचारलं.

पुरुषोत्तमरावांनी लाकडी दस्त्यावर नुसती बोटं फिरवली. इथल्या ओलीने लाकूड फुगून नळीला चिकटलं होतं. दुखणं हेच होतं.

रोज दुपारी ते डेक्लनच्या शेडमध्ये जाऊ लागले. कॅलेंडरच्या पानाची पट्टी नळी आणि लाकूड यांच्यामधून न अडखळता सरकेपर्यंत त्यांनी लाकूड खरवडलं. चाप मऊ केला, वर दुर्बीण बसवली. डेक्लन शेजारी बसून चहा करायचा आणि फार थोडं बोलायचा. एकदाच बोलला, ते भावाबद्दल. बापाने सगळी जमीन थोरल्या मायकलला दिली, डेक्लनला घर आणि शेड. दोघांची घरं समोरासमोर, मध्ये एक कुरण, आणि अकरा वर्षांत एका शब्दाची देवाणघेवाण नाही. हे सांगताना तो हसत होता. पुरुषोत्तमरावांना ते हसू अजिबात आवडलं नाही, पण काम इतकं आवडत होतं की त्यांनी तिकडे काणाडोळा केला.

वर्कशॉपचा शिरस्ताच तसा होता. माप बघायचं, कशासाठी ते विचारायचं नाही. दुसरा शिरस्ता जोडीचा. बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलून मागून कुलूप लावणारा तुकडा, एकाला दोन हवेत. डेक्लनच्या सुट्या भागांच्या डब्यात जादा बोल्ट सापडला, तेव्हा त्यांनी तोही घासून बसता केला, चिठ्ठी बांधली आणि डब्यात ठेवून दिला.

सप्टेंबरअखेर पडीक रानात डेक्लनने पाच गोळ्या झाडल्या. पाचही एका नाण्याखाली झाकल्या जातील अशा. पुरुषोत्तमरावांचा ऊर भरून आला. तेवढ्यात डेक्लन म्हणाला, "ग्रँड. आता नेम एकशे सत्तर मीटरवर पक्का करा."

"शंभर? दोनशे?"

"एकशे सत्तर."

हरीण काय मोजून उभं राहतं? पुरुषोत्तमरावांनी नेम पक्का करून दिला, पण तो आकडा काही डोक्यातून जाईना.

डॉक्टरांनी रोज पाच हजार पावलं चालायला सांगितल्यामुळे त्यांना पावलं मोजायची खोड लागली होती. दुसऱ्या दिवशी कुरणाच्या कडेने जाताना ती खोड जागी झाली. डेक्लनच्या शेडच्या माळ्याची खिडकी ते मायकलचं फाटक: अडीचशे पावलं. त्यांचं पाऊल दोन फुटांहून थोडं जास्त. त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि जागच्या जागी थांबले. मायकल रोज सकाळी आठला गाई सोडायला याच फाटकाशी उभा राहायचा.

पोलिसांना काय सांगणार? एक आकडा? आणि चुकीचं निघालं तर? विचार करकरून दोन दिवसांनी त्यांना खंडेनवमी आठवली. वर्कशॉपमध्ये त्या दिवशी सगळी हत्यारं पुजली जायची आणि मग कुणी त्यांना हात लावायचा नाही. त्यांनी डेक्लनला तसं सांगितलं. रायफलीला हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला.

"आता उद्यापर्यंत हात नाही लावायचा," ते म्हणाले.

"ग्रँड," डेक्लन म्हणाला. तो चहा ओतायला वळला तेव्हा त्यांनी बोल्ट काढून खिशात घातला. बोल्टवाचून रायफल म्हणजे काठी.

दसऱ्याच्या सकाळी ते देव्हाऱ्यासमोर बसले होते. छाती हलकी झाली होती. बोल्ट पाटावर ठेवला होता. अनुया नैवेद्य घेऊन आली आणि थबकली.

"बाबा, हे काय?"

"जुना भाग आहे एक."

"एकच? तुम्ही तर साध्या स्क्रूचासुद्धा जोड ठेवता!"

पुरुषोत्तमरावांच्या हातातली पळी खाली पडली. चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली होती. तपासला, चालतो.

घड्याळात आठला सात मिनिटं कमी होती. सोवळ्यातच, वर अमोघचं जाकीट चढवून ते धावत सुटले. सत्तरीला टेकलेला माणूस, ओलं गवत, दोनदा घसरले. मायकल फाटकाची कडी काढत होता. पुरुषोत्तमराव त्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले, छाती त्याच्याकडे आणि पाठ खिडकीकडे. आपणच केलं हे सगळं, आपणच, एवढंच मनात घुमत होतं.

"घरात जा," ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले. "पोलिसांना फोन कर. मी इथे उभा आहे."

"झालं काय?" मायकलने विचारलं, आणि त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. वर, माळ्याकडे. बघता बघता त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो एक एक पाऊल मागे सरकत घराकडे निघाला.

पुरुषोत्तमरावांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी हात पसरून पाठ आणखी रुंद केली. ती रायफल आता चुकत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.