घोडीच्या शेपटीचा केस

संक्रांतीनंतरचा पहिला बाजार : कापडाच्या दुकानदाराने तक्रार केली. त्याच आठवड्यात : टांग्यांचे परवाने देणाऱ्या कारकुनाने घोडी न पाहताच परवाना अडवला. होळीच्या आदल्या दिवशी : नालबंदाने तापलेली सळई लावली. वैशाख सरता सरता घोडी मेली. जबाबदार इसम याच क्रमाने आहेत. नालबंद शेवटी, कारण तो सांगितले ते करणारा.

आता ज्याच्यासाठी हे लिहितो त्या टांगेवाल्याविषयी. नंदुरबार स्टेशनावरून आमच्या गावी आलेल्या वाचकांनी त्याला पाहिले असेलच. टांगा जुंपण्यापूर्वी तो घोडीच्या बरगडीवर तळहात ठेवी आणि तिच्या कानांकडे पाहत उभा राही. कान पुढे असले तर निघायचे. मागे पडले तर उतारूंनी खुशाल खोळंबावे. एकदा मी त्याला कायदा सांगू लागलो, की भाडे ठरले म्हणजे करार झाला. तो शांतपणे म्हणाला, "वकीलदादा, पहिले तिले इचारी ल्या."

मी वकील नव्हे, कोर्टाबाहेर बसून अर्ज लिहिणारा. हे त्याला पुष्कळदा सांगितले. त्याने मानले नाही.

आमच्याकडे चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधतात. फास आवळला की ती वाळून गळते. या घोडीच्या केसांनी निम्म्या गावाच्या माना स्वच्छ केल्या होत्या. केस मागणाऱ्याने आधी तिला हिरव्या घासाची पेंढी घालायची, मग टांगेवाला शेपटी विंचरून सुटलेला केस देई. उपटू कोणालाच दिला नाही. नव्या सुनांना वर बजावी, "सासूना तोंडले बांधू नका, माय."

उतारवयात घोडीच्याच अंगावर, पोटाला तंगाचा पट्टा आवळतात तिथे, बोराएवढी गाठ आली आणि हळूहळू आवळ्याएवढी झाली. गाव उपकार फेडायला धावले. कोणी केस बांध म्हणे, कोणी डाग दे. याने जुन्या गोधडीची गादी शिवली, तंग थोडा मागे घेतला आणि रोज गाठीवर हात ठेवून कान पाहिले. कान पुढेच. गुरांचे डॉक्टर दौऱ्यावर आले, तेही म्हणाले की या वयात जखम भरेलच असे नाही. दुखत नाही, चिघळत नाही, तोवर छेडू नये. तो खुशीत मला म्हणाला, "डाक्तरनी बी तिलेच इचारं."

मग दुकानदाराच्या मुलीचे लग्न निघाले. गाठीच्या घोडीमागे नवरीने बसणे अशुभ, असे कोणीतरी कुजबुजले आणि त्याची तक्रार झाली. गाठ काढा, मग परवाना, असा हुकूम आला. डॉक्टरांचे मत नमूद करून मी अर्जावर अर्ज केले. पोच मिळाली, उत्तर नाही. टांगा बंद, म्हणून घोडीची दाणाचंदी बंद. घोडी कुडाच्या काटक्या चघळू लागली, तेव्हा तो नमला.

डाग देतानाही त्याचा हात सवयीने तिच्या बरगडीवर होता. "कान मांगे गयात, दादा," एवढेच तो म्हणाला. जखम उन्हाळाभर ओली राहिली. परवाना मिळाला; त्यावर टांगा एकदाही जुंपला गेला नाही.

लेकीकडे शहाद्याला तो पायीच निघाला. जाताना शेपटीच्या केसांची जुडी माझ्या हाती दिली. "कोनी बी मांगाले ऊना तं दी द्या. नही म्हनू नका." तो तिकडेच वारला. आता त्या रस्त्याने मोटार येते. तिचा भोंगा ऐकला की मला अजून कान दिसतात, आणि त्यांच्याकडे पाहत उभा असलेला तो.

परवा त्या कारकुनाचा गडी दारात आला. साहेबांच्या मानेवर चामखीळ उठली होती. मी जुडी सोडली आणि चांगला लांब, काळा केस निवडून दिला. मृताच्या शब्दाविरुद्ध अपील चालत नाही.

माझी मागणी एवढीच. तो केस मानेला बांधूनच त्या गृहस्थांनी बाजाराच्या दिवशी चावडीसमोर उभे राहावे आणि सर्वांदेखत सांगावे : हुकूम काढण्यापूर्वी तिला विचारले होते काय?