माझ्या पाचटाचा धूर

आठवीच्या वर्गाला हवेतल्या कणांचा धडा मी दरवर्षी अगदी रंगवून शिकवतो. फळ्यावर पिवळा सूर्य, खाली धुराडी आणि मध्ये ठिपकेच ठिपके. माणसाने काहीही जाळलं की हे कण वर जातात. काही ऊन परत पाठवतात, काळी काजळी मात्र ऊन पिऊन हवा तापवते. हे कण ढगात शिरले की थेंब इतके बारीक होतात की लवकर खाली पडतच नाहीत. मुलं माना डोलवतात आणि मला फार विद्वान असल्यासारखं वाटतं.

कळसाडीला माझा थोडा ऊस आहे. तोडणी झाली की रानात गुडघाभर पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, उरतं. ते जाळू नये, कुट्टी करून तिथेच कुजवावं, हे मी गावाला इतक्यांदा सांगितलंय की लोक मला पाहून वाट बदलतात. दोन वर्षांपूर्वी कुट्टीच्या यंत्राचा नंबर लागायला पंधरा दिवस होते आणि मला खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या नव्या फुटव्याला, पाणी द्यायची घाई. एका दुपारी मी काडी लावली. आधी आजूबाजूला कुणी नाही ना, ते पाहून लावली.

बांधाला लागून शेजारच्या वहिनींची पथारी होती, म्हणजे मिरची वाळत घालायची मोकळी जागा. नवरा गेल्यापासून ओली लाल मिरची आणायची, वाळवायची, देठ खुडून विकायची, यावरच त्यांचं घर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लाल मिरचीवर काजळीचे काळे तुकडे पडलेले होते. त्या आठवड्यात शिवारात आणखी चार-पाच जणांनी पाचट पेटवलं. थंडीचे दिवस, वारा नाही. धूर आणि धुकं एक झालं आणि ऊन असं फिकं पडलं की सावलीही धड दिसेना. ओलसर मिरचीला बुरशी धरायला लागली.

वहिनी शाळेच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. "गुरुजी, चार दिन झायात, ऊनच पडत नही. हाई काय व्हयी ऱ्हायनं?"

मी त्यांना अख्खा धडा शिकवला. खोटं एक अक्षर बोललो नाही. फक्त धूर लांबचा सांगितला: मोठे कारखाने, गाड्या, पार उत्तरेकडची शेतं. तुम्ही-आम्ही काय करणार त्याला, असंही म्हणालो. हे कण थोड्याच दिवसांत खाली बसतात, जाळणं थांबवलं की हवा लवकर निवळते, हे वाक्य मी मुलांना अधोरेखित करायला लावतो. तेवढं मी गाळलं. वहिनी लक्ष देऊन ऐकत होत्या. माझ्या वर्गात इतकं मन लावून कुणी ऐकलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्या सडलेली मिरची पाटीने उकिरड्यावर टाकत होत्या. मी बांधावर होतो, पळता येईना. त्यांनी पाटी खाली ठेवली, पदर सावरला.

"मन्हा मनमा तं तुम्हनं पाचटच उनं व्हतं, गुरुजी. माफ करा."

त्यांच्या मनात आधी माझ्याच पाचटाचा संशय आला होता, त्याची त्या माफी मागत होत्या. त्यांच्या बोटांना मिरचीची आग होत असणार, त्या हात झटकत होत्या. तेव्हाच सांगायला हवं होतं.

"असू द्या वहिनी," मी म्हणालो, "होतं असं माणसाचं." आणि मी त्यांना माफ केलं.