सारांच्या फोटोची काच

चित्रपटांचं कलादिग्दर्शन मी लाथा खात शिकलो. लाथा मला नव्हे, माझ्या कामाला बसायच्या. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना आम्ही सगळे 'सार' म्हणायचो. सेटचा पुठ्ठ्याचा नमुना समोर ठेवला की ते चष्मा वर करून बघत, चपलेच्या टोकाने तो आडवा करत आणि म्हणत, "परत कर डा." 'डा' म्हणजे तमिळमधलं 'रे'. काय चुकलं ते कधी सांगत नसत. आम्ही दोघेही तंजावरकडचे मराठी, चेन्नईत वेस्ट मांबलमला एकाच गल्लीत राहणारे. आपला माणूस आहे, सांभाळून घेईल, असं आई म्हणायची. डोंबल सांभाळलं! मला त्यांच्या तोंडून एकदाच 'बरं झालं' ऐकायचं होतं. ते न ऐकताच मी स्वतंत्र काम करू लागलो.

दोन हजार सालानंतर वारं फिरलं. दिग्दर्शकांना खरी घरं, खऱ्या गल्ल्या हव्या झाल्या. उरलंसुरलं संगणकावर होऊ लागलं. सारांना कोणी विचारेना. ते वेलचेरीला आयटीतल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये बसून असायचे. एक दिवस त्यांचाच फोन आला. "काही काम आहे का डा? काहीही चालेल."

माझ्याकडे एकच होतं. कोडंबाक्कमच्या स्टुडिओत मी एका घराचा सेट उभारत होतो, त्याच्या भिंतीवर नायकाच्या मेलेल्या बापाचा फोटो हवा होता. हार घातलेल्या फोटोसाठी जिवंत माणूस सहसा तयार होत नाही. झालाच, तर अपशकुन टळावा म्हणून शॉटनंतर त्याच्यावरून भोपळा ओवाळून फोडतात. सार लगेच हो म्हणाले. वर शूटिंग बघायला येणार म्हणून अटही घातली.

शूटिंगच्या दिवशी ते शेअर ऑटोने आले, इस्त्रीची पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसून. भिंतीवर त्यांचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार, काचेवर कुंकवाचा टिळा. आता तरी बोलतील म्हणून मी जवळ उभा राहिलो. त्यांनी भिंत वरपासून खालपर्यंत बघितली आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत जाऊन बसले.

तेवढ्यात दिग्दर्शकाच्या डोक्यात आलं, नायकाने संतापून फोटो ओढावा, जमिनीवर आपटावा आणि त्यावर पाय द्यावा. सगळे सारांकडे बघू लागले. मला मात्र आतून गुदगुल्या झाल्या. माझे सगळे आडवे झालेले नमुने मला आठवले.

नायकाने फोटो आपटला, वर बूट दिला. दिग्दर्शक म्हणाला, "ओके."

"कसलं ओके?" खुर्चीतून आवाज आला. "काच कडेला फुटलीय. तोंड अजून दिसतंय." मग सार माझ्याकडे वळले. "परत कर डा."

दिग्दर्शकाने मॉनिटरवर बघून मान डोलावली. मी फोटोची दुसरी प्रत घेतली, नवी काच घेतली आणि तिच्या मागच्या बाजूला, बरोबर सारांच्या तोंडावर येईल अशी, काच कापायच्या हिरकणीने खोल फुली मारली. ते माझ्या हाताकडे बघत होते. मी पुन्हा हार घातला, टिळा लावला.

या वेळी काचेचा तोंडावरच चुरा झाला. मॅनेजर भोपळा घेऊन धावला. त्याला बाजूला सारून सार वाकले, चष्मा वर केला आणि बुटाखाली फाटलेला स्वतःचा डोळा निरखून बघितला.

"बरं झालं," ते म्हणाले.

आता माझे असिस्टंट नमुने घेऊन समोर उभे राहतात. ते दोन शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत.