समारोपाची प्रार्थना

आमच्या मंडळीत माझी प्रार्थना प्रसिद्ध आहे. हे फुशारकीने सांगत नाही. म्हणजे इतकी वर्षं फुशारकीनेच सांगत होतो, आता लाज वाटते म्हणून सांगतोय. बडोद्यात आम्ही मराठी ख्रिस्ती मोजकेच. बहुतेकांचे वाडवडील रेल्वेच्या नोकरीने इकडे आले आणि इथलेच झाले. दर शनिवारी संध्याकाळी पाळीपाळीने कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. गाणी होतात, वचन वाचलं जातं, मग एकेक जण आपली विनंती सांगतो. कुणाची मुलगी परीक्षेला बसलेली, कुणाची बदली अडलेली. शेवटी पाळकसाहेब माझ्याकडे बघतात आणि मी त्या साऱ्या विनंत्या एका प्रार्थनेत गुंफून देवापुढे ठेवतो. मग चहा, खमण, आणि "भाऊ, आज काय प्रार्थना केलीत!"

यातली मेख अशी की लोक विनंत्या सांगत असताना मी ऐकतच नसे. डोळे मिटून मान डोलवत असे आणि मनात वाक्यं जुळवत असे. नाव आणि एखादा शब्द कानावर पडला की माझं काम भागे. बाकीचं मी माझ्या पदरचं घालत असे.

त्या शनिवारी सभा दांडिया बाजारात होती. आमच्या मंडळीतल्या सगळ्यांत वयस्कर मावशी माझ्या शेजारी बसल्या होत्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. देवळामागच्या गल्लीत एका खोलीत राहतात. त्या बोलत होत्या तेव्हा मी पहिल्या वाक्यात अडकलो होतो. 'दयाळू पित्या' की 'दीनांच्या वाली'? 'मोतीबिंदू' आणि 'मंगळवार' एवढं ऐकू आलं. मग त्यांनी माझ्या हाताला हात लावून काहीतरी विचारलं. प्रार्थनेचंच सांगत असतील, असं धरून मी म्हणालो, "हो मावशी, नक्की."

मग मी प्रार्थना केली. त्यातला तुकडा मला पाठ आहे, कारण घरी येऊन मी तो वहीत उतरवून ठेवला. अशी वही माझ्याकडे आहे, तेही कबूल करून टाकतो. 'प्रभू, ही तुझी लेक एकटी आहे. तिच्या सोबतीला कुणी नाही. शस्त्रक्रियेच्या दारापर्यंत तूच तिचा हात धर.' खोलीत दोघीतिघी रडल्या. मलाही गहिवरून आलं, पण ते स्वतःच्याच आवाजाने.

मंगळवारी सकाळी मी टेबलाशी बसून रविवारची प्रार्थना लिहीत होतो. त्या रविवारी प्रभुभोजन होतं, ख्रिस्ताच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, म्हणजे प्रार्थना तशीच वजनदार हवी. फोन दोनदा वाजला. नंबर अनोळखी होता. मी फोनचा आवाज बंद केला.

रविवारी उपासनेआधी मावशी नेहमीच्या बाकावर दिसल्या. मी मोठ्याने म्हणालो, "जय ख्रिस्त, मावशी! काळा चष्मा कुठाय? झालं ने ऑपरेशन?"

"नाही झालं, भाऊ," त्या म्हणाल्या. "सोबत माणूस असल्याशिवाय घेत नाहीत ते. तुम्ही स्कूटर घेऊन येतो म्हणालात ने, म्हणून मी सातपासून पायरीवर बसले होते. शेजारणीच्या फोनवरून फोन पण लावला. म्हटलं, कामात असाल."

त्यांनी सोमवारी डोकं धुऊन घेतलं होतं, कारण नंतर बरेच दिवस डोक्यावरून पाणी घेता येत नाही. तेही त्यांनीच सांगितलं, अगदी साधेपणाने. वर म्हणाल्या, "पण प्रार्थना फार सुंदर केलीत हो त्या दिवशी." त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मी सुटलो असतो.

प्रभुभोजनाआधी पाळकसाहेब सगळ्यांना आपापलं मन तपासायला सांगतात आणि दोन मिनिटं शांतता असते. ती दोन मिनिटं मी कायम वहीतली वाक्यं घोकण्यात घालवली आहेत. त्या दिवशी खरंच आत पाहिलं. सोबतीला कुणी नाही, असं मी देवाला सांगत होतो, आणि ती सोबत मीच कबूल केली होती. मला शरम वाटली. आणि लगेच, तिथल्या तिथे, त्या शरमेचंही एक छान वाक्य मनात तयार होऊ लागलं. तेव्हा मात्र मी घाबरलो. भाकरीचं तबक माझ्यापर्यंत आलं, ते मी तुकडा न घेता तसंच पुढे सरकवलं. समारोपाच्या वेळी पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं. बायकोला वाटलं माझी तब्येत बिघडली.

पुढची तारीख मिळाली, त्या तारखेला सकाळी साडेसहालाच मी त्यांच्या पायरीपाशी उभा होतो. दवाखान्यात नर्सने विचारलं, "बा नी साथे कोण छे?" आजींच्या सोबतीला मी, म्हणून मी हात वर केला. आत जाण्याआधी मावशी म्हणाल्या, "भाऊ, प्रार्थना करा ने." मी 'प्रभू' म्हणालो आणि पुढे काही सुचेना. त्या स्वतःच "आमेन" म्हणाल्या.

मला वाटलं होतं, इथे तरी मी बदललेला असेन. पण दवाखान्याच्या बाकावर बसल्याबसल्या माझ्या डोक्यात आलं की येत्या शनिवारी सभेत स्वतःच्या अनुभवाची साक्ष म्हणून सांगायला हे काय सुरेख आहे: गर्विष्ठ माणूस, आंधळी होत चाललेली म्हातारी, मोकळी झालेली दोन मनं. मी सुरुवातही ठरवली होती. तेवढ्यात नर्स मावशींना धरून आत घेऊन निघाली आणि दारातून त्या वळून मला काहीतरी म्हणाल्या.

मी मान डोलवली, सवयीने. मग उठून त्यांच्यापाशी गेलो.

"मावशी, मी ऐकलं नाही," मी म्हणालो. "पुन्हा सांगा."

"चपला बाहेर राहिल्यात माझ्या," त्या म्हणाल्या. "तेवढ्या बघा."

मी जाऊन चपला घेऊन आलो आणि त्या बाहेर येईपर्यंत मांडीवर धरून बसलो.