चाकाचं की भट्टीचं?

आमच्या जाऊबाई भट्टीत लाकूड घालताना बघितल्या, तर वाटावं बाई तान्ह्याला भरवतायत. एवढासा घास द्यायचा, थांबायचं, तोंडाकडे बघायचं, मग पुढचा. लाकडांच्या राशी जाडीप्रमाणे वेगळ्या. अंगठ्याएवढी दाराजवळ, मनगटाएवढी त्यामागे, मांडीएवढी भिंतीला लागून. या राशीतलं लाकूड त्या राशीत गेलेलं दिसलं की दिवसभर घरात आवाज. आणि भट्टी पेटली की त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. मी नवी नवरी असताना मोठ्या हौसेनं चहा घेऊन गेले, तर मान न वळवता म्हणाल्या, "ठेव आणि जा." मी ठेवला, गेले, आणि आठवडाभर तोंड फुगवून बसले. त्यांच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

पुढे राहतं घर, मागे अंगण, अंगणापलीकडे पत्र्याची लांब शेड आणि तिच्या टोकाला विटांची भट्टी. कप, ताटल्या, बरण्या असा माल. माझे यजमान तो गाडीतून पोचवतात, मी झिलई चढवते, म्हणजे कच्ची भांडी एकेक करून झिलईच्या पांढऱ्या पाण्यात बुडवते. भट्टी जाऊबाईंची. आणि चाक थोरल्या भाऊजींचं, म्हणजे त्यांच्या यजमानांचं.

भाऊजी म्हणजे उलटं टोक. चाकावर बसून शीळ घालणार, येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा हाणणार, मातीच्या हातानंच बिस्किट खाणार. एखादा कप पोटाला सुटला की त्याला म्हणणार, "तुझं आज जेवण जास्त झालं वाटतं," आणि तसाच फळीवर ठेवून देणार. जाऊबाई तो उचलून परत मातीत टाकणार. भाऊजी त्यांना "साहेब" म्हणायचे. "पाचही बोटं सारखी नसतात, साहेब," असं एकदा म्हणाले. जाऊबाई म्हणाल्या, "पण पाचही एकाच हाताची आहेत हे कळतं ना? कपांचं तेवढं कळू दे."

भट्टी उघडली की एखादं भांडं फुटलेलं निघायचंच. मग प्रश्न ठरलेला, चाकाचं की भट्टीचं? जाऊबाई तुकडा उजेडात धरायच्या. "बूड जाड राहिलंय. चाकाचं." भाऊजी तोच तुकडा उलटा करायचे. "बूड बरोबर आहे. घाईनं तापवलंय. भट्टीचं." "मी आणि घाई?" "मग मी आणि जाड?" जेवणं होईपर्यंत हे चालायचं. शेवटी भाऊजी हात झटकून म्हणायचे, "फुटलं तर फुटलं. दुसरं करतो." आणि खरंच करायचे. माझे यजमान म्हणायचे, या दोघांची भट्टी जमली कशी हेच कोडं आहे. मला त्यात काही कोडं वाटत नसे. आपला दोष दुसऱ्याच्या गळ्यात घालायला रोज मोकळीक असली की संसार छान चालतो.

एकदा आगीच्या तोंडाजवळ ठेवलेल्या एका कपावर राख बसली आणि झिलईतून अशी निळी धार उतरली, की बघत राहावं. एका खाणावळवाल्यानं तो बघितला आणि म्हणाला, मला सगळे असेच हवेत. जाऊबाई इरेला पेटल्या. कप त्याच जागी, लाकूड त्याच झाडाचं, दारही तेवढंच उघडं. कधी तपकिरी आलं, कधी शेवाळासारखं काहीतरी आलं, निळं काही आलं नाही. भाऊजी म्हणाले, "पाहुणी होती ती. आली, बसली, गेली. पाहुणीला काय पत्ता विचारायचा?"

"पत्ता असतोच," जाऊबाई म्हणाल्या. "आपल्याला सापडत नाही, एवढंच."

मला जाऊबाईंचं पटायचं. सगळं नशिबावर सोडून मोकळी होणारी माणसं मला आवडत नाहीत. अशी माणसं जेवल्यावर ताटही नशिबावर सोडून उठतात. भाऊजी तसे उठायचेच. पण खरं सांगायचं तर शेडमधून त्यांची शीळ ऐकू आली नाही की मलाही काम सुचत नसे.

मग भाऊजींना झटका आला. सकाळी दात घासताना हातातला ब्रश पडला, उचलायला वाकले ते तिथेच बसले. उजवी बाजू गेली. पुढे दवाखाना झाला, व्यायाम झाले, जड झालेली जीभ सुटली, पाय काठीच्या आधारानं चालू लागला. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की कुणी उचलेपर्यंत तिथेच असायचा.

चाकावर एक कारागीर ठेवला. गुणी माणूस, उगाच नाव कशाला ठेवू. त्याचे कप एकावर एक रचले तर चळत सरळ पत्र्याला जाऊन टेकेल. जाऊबाईंना जन्मभर हवे होते तसे कप अखेर मिळाले. त्या एकेक कप हातात घ्यायच्या, फिरवून बघायच्या, आणि काही बोलायला न मिळाल्यामुळे खाली ठेवायच्या. त्याच सुमाराला त्यांचं जेवण कमी झालं.

आणि शेडच्या कोपऱ्यात ती बरणी होती. झटका येण्याच्या आदल्या दिवशी भाऊजींनी ती उभी केली होती. खालचा भाग वेगळा, वरचा वेगळा, आणि माती जरा आवळल्यावर दोन्ही सांधलेले. उंचीला माझ्या कमरेइतकी, पण गळा एवढा निमुळता की आत मूठ जायची नाही. कुणी मागितली नव्हती. मी विचारलं तर म्हणाले होते, "उगीच."

आता कच्ची बरणी म्हणजे काय, तर पाणी लागलं तर चिखल, धक्का लागला तर भुगा. भाजली तरच ती बरणी. आणि भाजताना फुटायची भीती, जेवढं भांडं मोठं तेवढी जास्त. एवढं कळलं की जाऊबाईंचं पुढचं वागणं कळेल. त्यांनी बरणीवर जुनी चादर टाकली. त्या कोपऱ्यात मला झाडू मारू देईनात. भट्टी रचायची वेळ आली की काहीतरी निघायचंच. या खेपेला जागा नाही. या खेपेला हवा दमट आहे. या खेपेला कपांची घाई आहे, त्यात ती नको. जी बाई आम्ही सबबी सांगितल्या तर सोलून काढायची, ती दर खेपेला एक नवी सबब सांगत होती.

भाऊजी शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. एका दुपारी जाऊबाई भट्टी रचत होत्या, मी भांडी हातात देत होते. भाऊजी म्हणाले, "साहेब, ती बरणी."

"जागा नाही."

"जागा मला दिसतेय. हात गेलाय, डोळे नाही गेले." मग म्हणाले, "एक तर भाज, नाही तर भिजव. चादर घालून निजवायला ती काय आजारी आहे? आजारी मी आहे."

जाऊबाई भट्टीतून बाहेर आल्या. दोन्ही हात राखेनं भरलेले. "तुम्हाला बोलायला काय जातं?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "आजवर फुटलं की दुसरं करतो म्हणायचात. म्हणून मी बिनघोर आग घालत होते. आता ही फुटली तर काय म्हणाल?"

मी हातातला कप तसाच धरून उभी राहिले. जाऊबाईंची ती शिस्त, त्या राशी, ते मोजून घास देणं, हे सगळं त्यांचं एकटीचं आहे असं मी इतकी वर्षं समजत होते. ते उभं होतं भाऊजींच्या "दुसरं करतो"वर. फुटलेल्याच्या जागी दुसरं येणार हे माहीत असल्यावरच बाईचा हात स्थिर राहत होता. मला त्यांची फार दया आली, आणि दया आलेली त्यांना आवडली नसती म्हणून मी कप पुसत बसले.

"म्हणेन, फुटली," भाऊजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाईंनी चादर काढली आणि तिची घडी घातली. आम्ही दोघींनी आणि कारागिरानं मिळून बरणी भट्टीत नेली. जाऊबाईंनी तिला मागच्या अंगाला ठेवलं, जिथे आग थेट चाटत नाही. बाकी भट्टी नेहमीच्या मालानं भरली, विटा लावल्या, आणि अंगठ्याएवढ्या काटक्यांनी सुरुवात केली. एक काटकी, मग थांबणं. विटांमधल्या भोकाशी काचेचा तुकडा धरून बघायच्या. काचेवर वाफ धरली म्हणजे आतल्या मातीत अजून ओल आहे, आग वाढवायची नाही. दुपारपर्यंत वाफ येत होती. नंतर काच कोरडी निघाली. त्यांनी ती पुसून परत धरली. कोरडी. अजून थांबून परत धरली. कोरडीच. तेव्हा कुठे मनगटाएवढं पहिलं लाकूड आत गेलं.

थोड्या वेळानं आतून आवाज आला. मोठा नव्हता. शेजारच्या खोलीत कुणी उशी आपटावी तेवढाच. पण या कामात असलेल्या माणसाला तो आवाज कळतो.

जाऊबाईंचा हात लाकडावरच थांबला. दारातून भाऊजींनी विचारलं, "काय गं?"

"लाकूड तडकलं."

"ओलं असेल."

"असेल."

जाऊबाईंच्या राशीत ओलं लाकूड! तिघांपैकी कुणाचाच त्यावर विश्वास नव्हता. मला वाटलं, आता तरी बाई मटकन बसतील, डोळ्यांना हात लावतील. त्यांनी ते लाकूड आत सरकवलं, थांबल्या, आगीकडे बघितलं, दुसरं उचललं. बाकीची भांडी होती ना भट्टीत. संध्याकाळपर्यंत त्यांनी त्याच चालीनं आग चढवली, कुठे घाई नाही की हयगय नाही. मला त्यांचा रागच आला. अहो, रडा की एकदा, असं ओरडावंसं वाटलं. मग मीच घरात गेले आणि रडून आले.

तापलेली भट्टी निवू द्यावी लागते, नाहीतर गार वाऱ्यानं उरलासुरला मालही तडकतो. ते दिवस त्या दोघांनी फार सभ्यपणे काढले. मोरीतल्या नळाच्या गळतीवर आमच्या घरात एवढी चर्चा कधी झाली नव्हती. बरणीचं नाव कुणी काढलं नाही.

भट्टी उघडायच्या दिवशी भाऊजींनी खुर्ची अगदी जवळ आणायला लावली. विटा निघाल्या. जाऊबाई आतून कप देत होत्या, मी पुसून फळीवर लावत होते. माल असा उतरला होता की एकाही कपाला बोट ठेवायला जागा नाही. मग त्या वाकून मागच्या अंगाला गेल्या. बराच वेळ आतून काही आलं नाही.

बाहेर आल्या तेव्हा हात रिकामे होते. "वरचा भाग गेला," त्या म्हणाल्या. "सांध्यातून."

"मग चाकाचं," भाऊजी लगेच म्हणाले. "सांधा मी दिला होता. जेवायची हाक आली आणि उठलो. अजून एकदा फिरून दाबायला हवा होता."

"सांध्याला काय झालंय? भट्टीचं आहे. काच कोरडी आली म्हणून मी भुलले. जाड सांध्यातली ओल उशिरा निघते, हे मला कळायला नको?"

"अगं, सांधा कच्चा होता."

"कच्चा नव्हता! मी रोज बघत होते तो!"

"मी केलेला मला माहीत की तुला?"

आवाज चढले. कारागीर बिचारा बावरून माझ्याकडे बघायला लागला. इतकी वर्षं ज्या दोषावरून ही दोघं एकमेकांकडे बोट दाखवत भांडली, तोच आता दोघांनाही आपल्याच पदरात हवा होता, आणि कुणी सोडायला तयार नव्हतं. माझ्याच्यानं बघवेना. मी म्हटलं, "दोघांचं आहे. अर्धं अर्धं वाटून घ्या, आणि जे उरलंय ते आधी बाहेर काढा."

खालचा भाग शाबूत होता. आम्ही तो उचलून भाऊजींच्या खुर्चीपुढे ठेवला. एखाद्या रुंद टोपासारखा दिसत होता, काठ वेडेवाकडे फुटलेले. बरणी धड निघाली असती तर त्या निमुळत्या गळ्यातून आतलं बूड कुणाला कधी दिसलं नसतं. आता उन्हात सगळं उघडं होतं. बुडाच्या मध्यापासून बोटांच्या खाचा निघून गोल गोल फिरत वर चढल्या होत्या, आणि आता त्या दगडासारख्या टणक झाल्या होत्या.

जाऊबाई खाली बसल्या. त्यांनी एका खाचेवरून बोट फिरवलं. "अहो," त्या म्हणाल्या, "ही तुमची बोटं."

मग त्यांनी भाऊजींच्या मांडीवरचा उजवा हात दोन्ही हातांनी उचलला आणि आत नेऊन खाचांवर ठेवला. बोटं नीट बसेनात. त्या एकेक बोट धरून बसवायला लागल्या.

"त्याला काही कळत नाही," भाऊजी म्हणाले. "आणि तो नव्हेच."

"नव्हेच म्हणजे?"

"भांड्याच्या आत डावा असतो. उजवा बाहेरून. ही सगळी डाव्याची आहेत."

जन्मभर जाऊबाईंचं तोंड आगीकडे आणि पाठ चाकाकडे. नवऱ्याचा कोणता हात आत असतो, हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

भाऊजी खुर्चीतून वाकले आणि त्यांनी आपला डावा हात आत घातला. बोटं न शोधता बुडाच्या मध्यावर गेली, खाचेत बसली, आणि गोल फिरत वर आली, पार फुटलेल्या काठापर्यंत.

"म्हणजे हा हात तर..." जाऊबाई म्हणाल्या.

"आहे की," भाऊजी म्हणाले.

"आणि बाहेरचा?"

"बाहेरचा नुसता आधाराला. तो कुणाचाही चालतो."

जाऊबाईंनी बाहीनं नाक पुसलं, त्यामुळे राख सगळ्या तोंडाला लागली. त्या उठल्या. "आधी भट्टीतले तुकडे काढू द्या," म्हणाल्या. "मग चाकाशी बसते."