बाराव्या भागाची समाप्ती

ती कादंबरी बारा भागांची होती. जादूचे किल्ले, बोलणारे गरुड, समुद्राखाली कोंडलेली राजकन्या. आणि दर भागाच्या शेवटी राजपुत्र कुठल्या तरी कड्यावरून लोंबकळत असायचा. मुंबईहून व्हीपीने वर्षाकाठी एखादा भाग यायचा. महायुद्धात कागद मिळेनासा झाला तेव्हा दोन दोन वर्षे जाऊ लागली. मी नंदुरबारला शाळामास्तर होतो. भाग आला की संध्याकाळी मी मोठ्याने वाचायचा आणि बायकोने ऐकायचा, हा आमचा परिपाठ लग्नानंतरच्या पहिल्या थंडीपासूनचा. ती कधी काही विचारत नसे. बरेचदा मला वाटे, हिला झोप लागली.

भाद्रपदात ती तापाने गेली. शेवटचा भाग मार्गशीर्षात आला. पोस्टात पैसे भरून सोडवून आणला आणि दोरीही न सोडता फळीवर ठेवला. तो एकट्याने कसा वाचायचा, हेच मला समजेना.

आमच्या घरामागच्या मोकळ्या माळावर मिरची वाळवायची पथारी होती. कडेला बायका देठ खुडत बसत. बायको दुपारची त्यांच्यात जाऊन बसे. पोस्टातून बातमी फुटली असावी, कारण दोन दिवसांनी त्या बायकांतली सर्वांत वडील, पिंजाऱ्याची म्हातारी, दारात येऊन उभी राहिली.

"मास्तर, बारावा भाग उना म्हने?"

"आला आहे."

"मंग कोनी वाट दखी ऱ्हायनात? आमनी गोट अर्धी ऱ्हायनी. ती म्हने, शेवट उना का तुमले सांगसू."

मी वाचलेले सगळे बायको दुसऱ्या दिवशी पथारीवर अहिराणीत सांगत असे, हे मला तेव्हा कळले.

रविवारी दुपारी पुस्तक घेऊन गेलो. मिरचीने ठसका लागत होता. मध्येच आवाज बसला, डोळ्यांत पाणी आले, तरी कोणाला कारण विचारावे लागले नाही. थोडे वाचायचे आणि थोडे त्यांच्या बोलीत सांगायचे, असे चालले होते.

"कोर्टमा बोलतस तसं सांगतस तुम्ही," एक जण म्हणाली. "ती सांगे तवय राक्षस आठेच बठेल ऱ्हाये." तिने शेजारची जागा थोपटली.

तीन रविवार लागले. तिसऱ्या रविवारी राजकन्या सुटली, किल्ला विरघळला, राजपुत्र गादीवर बसला. मी पुस्तक मिटले. कोणीच हलेना.

"आनि कुंभारीन?" म्हातारी म्हणाली.

"कोण कुंभारीण?"

सगळ्या हसल्या. "वाचनार तुम्ही, आनि आम्हलेच इचारतस!"

मग एकमेकींचे बोलणे तोडत त्यांनी मला सांगितले. दुसऱ्या भागात राक्षसाने एका कुंभारणीची गाढवी पळवली होती. तेव्हापासून ती राजपुत्राच्या मागोमाग किल्ल्यामागून किल्ले धुंडाळत होती. प्रत्यक्ष राक्षसाचा कान धरून तिने विचारले होते, "मन्ही गधडी कोठे शे?"

बाराही भाग मी ओळ न ओळ वाचले होते. त्यांत ना कुंभारीण होती, ना गाढवी. ती बायकोने घातली होती, आणि माझ्या नकळत इतकी वर्षे भागाभागातून चालवत आणली होती. आता मी 'पुस्तकात असे काही नाही' म्हटले असते, तर एवढ्या जणींसमोर ती खोटी पडली असती, आणि तिने कबूल केलेला शेवटही राहिलाच असता.

वर्गात मी कधी पुस्तकाबाहेरची गोष्ट सांगितली नव्हती. शेवटचे पान पुन्हा उघडले.

"दोन पानं चिकटली होती," मी म्हणालो आणि कोऱ्या जागेवर नजर ठेवून सुरू केले. गाढवी समुद्राखालच्या महालात सापडली, राजकन्येच्या पलंगाला बांधलेली. कुंभारीण धावली. पण गाढवी घरी यायला तयार होईना. राक्षस तिला रोज साखर चारत होता. शेवटी कुंभारणीने तिच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि दोघी भांडत भांडत गावाला निघाल्या.

"पिल्लू व्हतं का संगे?" एकीने विचारले.

"होतं."

"दोन," दुसरी म्हणाली, आणि पथारीभर हसू पसरले.

म्हातारी पुस्तकाशी वाकली. तिला वाचता येत नव्हते. "हाई पुस्तकमा शे?"

"शे," मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. "तुमले तिनासारखं सांगता येत नही. पन संपनी एकदानी. आते मोकळं वाटस. गूळ वाटा, मास्तर."

मी घरातून गूळ-फुटाणे आणले. पोथीच्या समाप्तीला वाटतात तसे हातोहात वाटले, स्वतःही खाल्ले. भाद्रपदापासून मनात एक धास्ती बसली होती, की बायकोचे काहीतरी अर्धे राहिले आहे आणि ते माझ्याने होणार नाही. ती धास्ती आता गेली होती. घरी येऊन हातपाय धुतले, आणि कित्येक दिवस साठलेल्या शाळेच्या वह्या तपासायला बसलो. सगळ्या तपासून झाल्यावरच उठलो.