बपेऱ्याला ट्रक पोचवताना

पुणे स्टेशनातून गाडी हलली तेव्हा मी शर्टाचा खिसा पुन्हा एकदा चाचपून पाहिला. आत बोटाच्या पेराएवढा पेनड्राइव्ह होता आणि त्या पेनड्राइव्हमध्ये एक ट्रक होता. निघताना बायकोनं विचारलं होतं, "एवढासा गेम द्यायला इतक्या लांब? कुरिअरनं गेला असता की." गेला असता. पण उन्हाळ्यात दिलेला शब्द मी थंडीपर्यंत लोंबकळत ठेवला होता. असा उशीर झाला की कुरिअर पुरत नाही, स्वतः जावं लागतं, असं निदान मला तरी वाटतं.

ट्रक होता माझ्या मित्रासाठी, शालिकसाठी. तिशीत मी नागपूरच्या एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत कारकून होतो आणि शालिक तिथल्या गाडीवर ड्रायव्हर. मी पंख्याखाली बसून बिल्टी (मालाची पावती) लिहायचो, तो ती घेऊन कधी रायपूर, कधी कोचीन गाठायचा. तो मला 'बाबू' म्हणायचा, अजूनही म्हणतो. पुढे मी पुण्याला आलो. शालिक एका अपघातानंतर आपल्या गावी, बपेऱ्याला परतला. त्या अपघातात कुणाचीच चूक नव्हती, पण त्याचा डावा गुडघा वाकेनासा झाला. क्लच दाबता येत नाही त्याच्या हाती गाडी कोण देणार? हे लिहितानाही मला ओशाळल्यासारखं होतं. माझे दोन्ही गुडघे धड आहेत आणि जन्मभर मी ते टेबलाखाली दुमडून ठेवले.

त्याची मुलगी सुप्रिया रायपूरला नर्स आहे. तिनं बापाला आपला जुना कॉम्प्युटर दिला, टेबलाला घट्ट बसवायचं स्टिअरिंग दिलं आणि ट्रक चालवायचा एक गेम त्याच्या नावानं रीतसर विकत घेऊन दिला. क्लचची गरज नाही, सगळं हातानं. फक्त गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा होता, आणि बपेऱ्याचं इंटरनेट उतरवत काहीच नाही. शालिकचा फोन आला, "बाबू, तो निळा पट्टा सरकूनच नाई राहिला. बैलबंडी याच्यापेक्षा जोरात जाते." मी मोठ्या तोंडानं म्हणालो, तुझ्या खात्यातून मी माझ्याकडे उतरवतो आणि आणून देतो. सोबत कॅरम, बुद्धिबळ आणि क्रिकेटही भरून आणतो.

सकाळी तुमसर रोडला उतरलो तेव्हा हवेत राइस मिलच्या कोंड्याचा कोमट वास होता. तुमसरच्या स्टँडवर गरम आलूबोंडा खाल्ला आणि बपेऱ्याची एसटी पकडली. दोन्ही बाजूंना धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या (बांध घातलेली भाताची शेतं), खळ्यांवर तनसीचे (भाताच्या पेंढ्याचे) ढीग, आणि ओल धरून राहिलेल्या जागी लाखोरी या कडधान्याची बारीक निळी फुलं. इतका सपाट, निवांत मुलूख की बससुद्धा घाई न करता चालली होती.

शेजारी टोपली घेऊन एक वयस्क बाई बसल्या होत्या.

"कोन्या गावचे जी तुम्ही?"

"पुण्याचा. बपेऱ्याला शालिककडे चाललोय."

"डायवरकडे? आमच्याच गल्लीत राह्यते. काय काम काढलं?"

"त्याच्यासाठी ट्रक आणलाय."

बाईंनी मान वळवून मागच्या काचेतून रस्ता पाहिला. "कुठी हाय?"

मी खिशावर बोट ठेवलं.

"पुण्याचे लोक भारीच जी," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे तं खिशात तंबाखूच मावते."

या फुलाबाई. मी स्टँडवर बॅग शोधत राहिलो आणि त्या टोपली डोक्यावर घेऊन पुढे निघून गेल्या. त्याचा परिणाम थोड्याच वेळात दिसणार होता.

शालिक काठी टेकत मला घ्यायला आला होता. केस पांढरे, पण आवाज तोच, इंजिनाच्या वर चढवायची सवय असलेला. "जय भीम, बाबू! फुगला रे तू! बिल्ट्या खाऊन राहिला काय?" मी त्याला मिठी मारली आणि लगेच उशिराबद्दल माफी मागू लागलो. त्यानं काठीनंच मला पुढे ढकललं. "चाल, चाल. गाव बसलं हाय घरात."

खरंच बसलं होतं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, त्यांच्याखाली भरतकामाच्या कापडावर कॉम्प्युटर आणि टेबलाच्या काठाला आवळलेलं काळं स्टिअरिंग. समोर सतरंजीवर फुलाबाई, किराणा दुकानाचे यादोराव आणि आणखी चारदोन शेजारी. खिशातून निघणारा ट्रक पाहायला सगळे आले होते. शालिकच्या बायकोनं, सुगंधावहिनींनी, चहा दिला. मी ऐटीत पेनड्राइव्ह लावला.

कॅरम सुरू झाला. बुद्धिबळ सुरू झालं. क्रिकेटच्या मैदानात टाळ्या वाजल्या. ट्रकची पाळी आली आणि पडद्यावर पाटी झळकली: एक फाइल सापडत नाही.

ती फाइल कुठे आहे ते मला ठाऊक होतं. पुण्यात माझ्या घरी. गेमच्या फायली पेनड्राइव्हमध्ये भरताना कॉम्प्युटरनं मला एक लांबलचक सूचना दाखवली होती. फाइल मोठी आहे, या पेनड्राइव्हमध्ये ती बसत नाही, असं काहीसं. खाली 'स्किप' असं बटण होतं. मी ते दाबलं, बाकीच्या फायली सुरसुर गेल्या, आणि मी समाधानानं दात घासायला उठलो.

कबुली द्यायची मला नेहमीच घाई असते. "शालिक, यात कॉम्प्युटरची काही चूक नाही," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "सगळ्यात मोठी फाइल मीच मागे ठेवून आलोय. सूचना वाचली नाही."

"म्हणजे इंजन पुण्यात अन् डबे बपेऱ्यात," यादोराव म्हणाले. सगळे हसले. शालिकही हसला, पण त्यानं स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे फिरवलं आणि सोडून दिलं. "काई हरकत नाई बाबू. कॅरम तं हाय."

त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कॅरम खेळायले पुण्याहून येते काय कोणी?" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "अन् कायले थोबाड पाडून बसले दोघं? जेवा पहिले."

जेवायला मोकळा भात, नदीच्या मासोळीचा झणझणीत रस्सा आणि लाखोरीच्या डाळीचे खरपूस वडे. दुःखात माणूस कमी जेवतो म्हणतात. माझ्या बाबतीत ते खोटं ठरलं. मी मागून मागून वडे घेतले आणि प्रत्येक वड्यागणिक अधिक अपराधी झालो.

ताटं उचलताना वहिनी म्हणाल्या, "ते जे राह्यलं, ते नदीवरून नाई का येणार?"

नदीवरून? मला काही कळेना. शालिकनं मांडीवर थाप मारली. गावाला लागून बावनथडी नदी वाहते आणि पलीकडचा काठ मध्य प्रदेशाचा. सुप्रियाशी व्हिडिओवर बोलायला वहिनी रोज संध्याकाळी नदीच्या रेतीत जाऊन उभ्या राहतात. तिथे फोनला पलीकडचा टॉवर मिळतो. "आपला टावर झोपला राह्यते," शालिक म्हणाला, "एम्पीचा जागा हाय."

अख्खा गेम तिथे उतरवणं कुणाच्या फोनला झेपलं नसतं, पण एक फाइल? आम्ही निघालो. पांढरी रेती, थंडीतलं पातळ, चमकतं पाणी, दगडांवर धुणं वाळत घातलेलं. मी ओल्या रेतीच्या कडेला गेलो आणि माझ्या फोननं मध्य प्रदेशात स्वागत असल्याचा संदेश दिला. पाऊल महाराष्ट्रात, फोन परराज्यात. शालिकच्या खात्यात शिरून तेवढी एकच फाइल उतरवायला लावली आणि काय सांगू, पट्टा पळू लागला!

आणि पाव वाटेवर थांबला. माझा दिवसाचा डेटा संपला होता. हॉटस्पॉट लावून शालिकच्या फोनचा डेटा माझ्या फोनला जोडला, तो पट्टा आणखी थोडा पुढे नेऊन संपला. पट्टा निम्म्यापर्यंतही गेला नव्हता. मी पुन्हा माफी मागायला तोंड उघडलं.

"तोंड नोका वाजवू, माहा मोबाइल घ्या," मागून फुलाबाई आल्या. "पोरगा पैसे भरते, मी वापरतो कुठी? रोजचा डेटा रोज मरते."

या भागात कुणाचा रोवणा (भाताची लावणी) मागे पडला की आपलं आटोपलेले लोक त्याच्या बांधीत उतरतात. तसंच झालं. फुलाबाईंचा संपला तेव्हा वहिनींनी पुलावरून सायकलनं जाणाऱ्या यादोरावांना हाक मारली, "ओ यादोराव, डेटा हाय काय?" ते सायकल पुलाला टेकवून खाली उतरले. धुणं धुणाऱ्या दोघींनी ओचे खोचले, हात पुसले आणि फोन पुढे केले. एक फोन थकला की दुसरा जोडायचा.

मध्येच वारा सुटला की काय कोण जाणे, फोन पलीकडचा टॉवर सोडून आपल्या टॉवरवर आला. पट्टा लाल झाला. मी घाबरून दिसेल ते दाबायला निघालो, तर शालिकनं माझं मनगट धरलं. "हात नोको लावू. घाटात गाडी अडली तं एक्सिलेटर नाई दाबत. थांब." आम्ही सगळे चार पावलं पाण्याकडे सरकलो. थांबलो. मग हळूच 'पुन्हा सुरू' दाबलं, आणि पट्टा होता तिथून पुढे निघाला.

शेवटचा थोडासाच तुकडा राहिला तेव्हा फक्त वहिनींचा फोन उरला होता.

"तुझा राहू दे वं," शालिक म्हणाला. "संध्याकाळी सुप्रियाचं तोंड कसं पाहशील? बाकीचं उद्या."

"तिले साधा फोन लावीन," वहिनी म्हणाल्या. "सांगीन, तुझा बाप गाडीवर गेला हाय."

शालिक नदीकडे तोंड करून उभा राहिला.

दिवेलागणीला आम्ही घरी परतलो. फोनला वायर लावून फाइल कॉम्प्युटरमध्ये घातली. सतरंजीवर सकाळपेक्षा जास्त लोक होते. पडद्यावर आधी अंधार, मग एका परक्या देशातलं आवार, आणि मधोमध लाल ट्रक.

शालिकनं डावा पाय स्टुलावर सरळ ठेवला. पण गाडी सुरू केली नाही. बटणं दाबत त्यानं चित्र ट्रकभोवती फिरवलं, एकेका चाकापाशी थांबत, वाकून बघितल्यासारखं.

"काहून थांबला?" यादोराव म्हणाले.

"टायर न पाहता निंगत नाई मी."

मग स्टिअरिंगला हात लावून तो हात कपाळाला नेला, आणि इंजिनाचा आवाज त्या खोलीत भरला. ड्रायव्हरची जागा उलट्या बाजूला होती, रस्त्याची बाजूही उलटी. तो एका कठड्याला घासला, जीभ चावली, गाडी मागे घेतली, आणि मग त्याचे खांदे उतरले. हे मी पूर्वी पाहिलं होतं. नागपूरच्या आवारातून गाडी बाहेर काढताना त्याचे खांदे असेच उतरायचे.

वहिनी हात पुसत आल्या आणि स्टूल ओढून त्याच्या बाजूला बसल्या. "सरका जरा. एवढी वर्सं गाडी चालवली, मले एक डाव बसवलं नाई."

"कंपनीची गाडी होती वं. परवानगी नोती."

"आता कोणाची हाय?"

शालिकनं स्टिअरिंगवरून हात फिरवला. "माही."

"मंग चला."

त्यानं हॉर्न असा वाजवला की गल्लीतली कुत्री भुंकू लागली. वहिनींनंतर डेटा देणारे एकेक जण त्या स्टुलावर बसले. फुलाबाईंनी सांगितलं, "मले तुमसरले उतरवा."

"मावशी, हे तुमसरले नाई जात. हे जर्मनीले जाते."

"मंग जर्मनीले उतरवा."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी लाखोरीची डाळ बांधून दिली आणि मी परतीच्या गाडीत बसलो. मी नकाशा पाहून बऱ्याच ठिकाणी फिरलोय, घाट पाहिले, समुद्र पाहिले, देवळांच्या रांगांत उभा राहिलो. बपेऱ्याला पाहण्यासारखं काय, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, पातळ पाण्याची एक नदी आहे आणि तिच्या काठी फोन वर धरून उभे राहणारे लोक आहेत. माझ्या हातून चूक झाली नसती तर मी पेनड्राइव्ह लावून, चहा पिऊन निघालो असतो आणि हे लोक मला भेटलेच नसते. याबद्दल आनंद मानावा की लाज वाटून घ्यावी ते माझं अजून ठरलेलं नाही, पण चेहरा मात्र हसरा असावा, कारण समोरचा प्रवासी माझ्याकडे बघून हसत होता.

गाडी नागपूरच्या बाहेर सिग्नलला रखडली तेव्हा मी शालिकला फोन लावला. पलीकडे इंजिन घुमत होतं आणि वहिनी कुणाला तरी सरकून बसायला सांगत होत्या.

"शालिक, काल माझ्यामुळे उगाच..."

"बाबू, ठेव," तो ओरडला. "गाडी चालवताना मी फोनवर नाई बोलत."